कॉपी खोडून परत द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या जिल्हा आवृत्तीत मागच्या आठवड्यात तालुका वार्ताहर नेमायचे असल्याची चौकट आली होती. स्वतःची दुचाकी हवी, चांगला मोबाइल हवा, तालुक्यात जनसंपर्क हवा आणि जाहिराती मिळवण्याची तयारी हवी, असं त्यात होतं. लिहिता यायला हवं, ही अट मला कुठे दिसली नाही. ती गृहीत धरली असेल, असं समजते. पण ज्या गोष्टी गृहीत धरल्या जातात त्या कुणी शिकवत नाही, म्हणून हे पत्र. मागणं एकच आहे आणि ते पैशांचं नाही: कॉपी, म्हणजे वार्ताहराने लिहून पाठवलेला मजकूर, खोडून, कारणं सांगून परत द्या.

आधी मी कोण ते सांगते. मी एसटीत वाहक आहे, अमळनेरला राहते. जळगाव, चोपडा, पारोळा, धुळे अशी ड्युटी फिरत असते. बारावीनंतर लग्न झालं, पदवी नोकरीत असताना पूर्ण केली आणि आता रविवारच्या वर्गांना जाऊन वृत्तपत्रविद्येचा अभ्यासक्रम करते. वर्गातली बहुतेक मुलं माझ्या मोठ्या मुलाहून चार-पाच वर्षांनीच थोर. सुरुवातीला ती मला मॅडम म्हणायची, आता ताई म्हणतात आणि परीक्षेच्या आधी माझ्या नोट्सचे फोटो काढून नेतात.

या वाटेला लागायला कारण झाली ती एक बातमीच. माझ्या गाडीत एका बाबांनी मोफत प्रवास मागितला. वयाची ७५ पूर्ण झाली की मोफत, ६५ ते ७५ अर्धं तिकीट, हा नियम आता लहान पोरालाही पाठ आहे. बाबांच्या आधार कार्डावर ७३ भरत होते. मी अर्धं तिकीट दिलं, बाबा चिडले, चार शब्द तेही बोलले, चार मीही बोलले. पुढे त्यांचं गाव आलं, ते उतरले. दोन दिवसांनी मथळा आला, 'महिला वाहकाची अरेरावी, ज्येष्ठाला एसटीतून उतरवले'. कुणा पोराने काढलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, एवढाच त्या बातमीचा आधार. मला कुणाचा फोन आला नाही, आगारात कुणी विचारायला आलं नाही. तिकीट मशीनमध्ये वेळ, टप्पा, रक्कम सगळं नोंदलेलं असतं. ते कुणी पाहिलं असतं तर बाबा तिकीट काढलेल्या गावापर्यंत गेले आणि तिथेच उतरले, हे चहा पिऊन होईपर्यंत कळलं असतं. ते वृत्तपत्र आपलं नव्हे, आणि नावही लिहीत नाही. राग लवकर निवला. प्रश्न मात्र राहिला. ती बातमी लिहिणारा आणि ती छापणारा, या दोघांच्या मधे कुणी माणूस बसलेला असतो की नाही?

वर्गात गेल्यावर कळलं की असतो, निदान पुस्तकात तरी असतो. त्याला उपसंपादक म्हणतात.

वर्गात शिकवतात ते चुकीचं नाही. कोण, काय, कुठे, कधी, का, कसं हे सहा ककार घोकून घेतले. उलटा मनोरा फळ्यावर काढून दाखवला. महत्त्वाचं वर, कमी महत्त्वाचं खाली, म्हणजे जागा कमी पडली तर खालून कापता येतं. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' काढलं, हे हमखास परीक्षेत येतं. प्रात्यक्षिकाच्या वहीत बातम्या लिहायच्या असतात. त्या आम्ही लिहितो, सरांची सही होते, कोपऱ्यात दहापैकी सात पडतात. उरलेले तीन कोणत्या ओळीत गेले, ते मात्र कळत नाही. आमच्याकडे कॅश भरताना एक रुपया कमी आला तरी तो कोणत्या टप्प्यात गेला ते वे-बिलावर, म्हणजे फेरीच्या हिशेबाच्या कागदावर, शोधावं लागतं, तशी सवय असल्याने मला हे फार टोचतं. सरांना बोल लावत नाही. ते तासिका तत्त्वावर येतात, दोन-तीन ठिकाणी शिकवतात, इतक्या वह्या वाचून प्रत्येक ओळीवर खूण करायची तर त्यांना घरी जायला मिळणार नाही.

मुलं हुशार आहेत, हेही सांगते. व्हिडिओ कापणं, थंबनेल बनवणं, माईक हातात घेऊन तहसील कचेरीसमोर न अडखळता दोन मिनिटं बोलणं, हे त्यांना सहज जमतं. 'मोर्चात माणसं किती होती?' असं विचारलं की मात्र उत्तर येतं, 'भरपूर होती ना, ताई!'

माझं लिहिलेलं खोडणारा माणूस मला गाडीतच भेटला. धरणगावला चढून जळगावला जाणारे एक निवृत्त उपसंपादक. सुट्या पैशांवरून आमची ओळख झाली. पुढे त्यांनी माझ्या पिशवीतलं पाठ्यपुस्तक पाहिलं आणि 'हे वाचून काय करणार तू?' असं विचारलं. मी त्यांना काका म्हणते. एका दुपारच्या फेरीला गाडी अर्धी रिकामी होती, तेव्हा वहीतली एक बातमी त्यांच्या हातात दिली. माझ्या माहेरच्या गावातल्या प्रजासत्ताक दिनाच्या ग्रामसभेची होती. सुरुवात अशी: 'दि. २६ रोजी येथील ग्रामपंचायत कार्यालयाच्या प्रांगणात सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्रामसभा मोठ्या उत्साहात संपन्न झाली. यावेळी विविध विषयांवर सविस्तर चर्चा करण्यात आली. ग्रामस्थ बहुसंख्येने उपस्थित होते.'

काकांनी खिशातलं पेन काढलं. 'मोठ्या उत्साहात' गेलं. 'प्रांगणात' गेलं. 'विविध विषय' खाली रेघ मारून समासात लिहिलं, 'कोणते?' मग 'बहुसंख्येने'वर पेन टेकवून थांबले.

'किती होते?'

'त्रेसष्ट.'

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. माझी ती सवयच आहे. लग्नात असो की दहाव्याला, डोकी मोजून होतात.

'गावात मतदार किती?'

'बाराशेच्या आसपास.'

'मग कोरम?'

कोरमचं मला माहीत नव्हतं, ते त्यांनी सांगितलं. गावच्या मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं ग्रामसभेला हजर हवीत. माझ्या गावाला १०० लागतात. ६३ असतील तर सभा तहकूब व्हायला हवी होती. ती झाली नाही, ठरावही झाले. 'म्हणजे रजिस्टरवर सह्या किती आहेत ते बघ,' काका म्हणाले, 'बातमी तिथे आहे. तू अध्यक्षस्थान आणि उत्साह घेऊन आलीस.'

साप्ताहिक सुट्टीला गावी गेले. रजिस्टर पाहायला मिळालं, सरपंच नात्यातले म्हणून असेल. त्यात ११८ सह्या होत्या. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (गावात अजून सगळे ग्रामसेवकच म्हणतात) विचारलं, तर म्हणाले, काही जण सही करून शेतात निघून जातात, हरभऱ्याचे दिवस आहेत, सभेला बसून कोण राहणार? हे उत्तर मला खोटं वाटलं नाही. खरंही वाटलं नाही. काकांना फोन केला, तर ते म्हणाले, तुला काय वाटलं त्याला जागा नाही. तू मोजलेली माणसं लिही, सह्या लिही आणि त्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत लिही. मग बातमी उभी राहिली: 'प्रजासत्ताक दिनाच्या ग्रामसभेला ६३ ग्रामस्थ प्रत्यक्ष हजर होते, हजेरीच्या रजिस्टरवर मात्र ११८ सह्या आहेत.'

एका गोष्टीवर आमचं अजून जमलेलं नाही. त्याच सभेत बायकांनी जलकुंभाचं काम का थांबलंय ते विचारलं होतं. मला तो इंट्रो, म्हणजे बातमीची सुरुवात, वाटतो. काका म्हणतात कोरम वर, पाणी तिसऱ्या परिच्छेदात, किंवा पाण्याची बातमी वेगळी कर. जलकुंभ किती लिटरचा, कोणत्या योजनेतला, मंजुरी कधीची, ठेकेदार काय म्हणतो, हे सगळं घेऊन ये. पाळधी येईपर्यंत आम्ही भांडत होतो आणि मागच्या सीटवरच्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. मला अजूनही माझं बरोबर वाटतं. पण वर्गात दोन वर्षं बसून जे मिळालं नसतं ते या भांडणात मिळालं, हे कबूल करायला हवं.

संपादक महोदय, हेच मला आपल्याकडे मागायचं आहे. त्याआधी, खोडणारा नसला की काय होतं ते गाडीत बसून रोज ऐकते, त्यातलं थोडं सांगते.

कापसाचं घ्या. हंगामात विकून परतणारे शेतकरी गाडीत असतात. 'कापसाला आठ हजारांचा भाव' असा मथळा कुणी मोठ्याने वाचला की ते एकमेकांकडे बघतात. २०२५-२६च्या हंगामात हमीभाव लांब धाग्याला क्विंटलमागे ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याला ७,७१० रुपये होता. पण हा भाव ८ टक्के ओलाव्याला. पुढे एकेका टक्क्यामागे एक टक्का भाव कमी होतो आणि १२ टक्क्यांच्या वर ओलावा निघाला तर सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) माल घेतच नाही. ११ टक्के निघाला तर ८,११०चे साधारण ७,८६७ होतात. शिवाय सीसीआयला घालायचा तर 'कपास किसान' अॅपवर नोंदणी लागते. ज्याला पैशांची निकड आहे तो खेडा खरेदीत व्यापाऱ्याला दारातच माप देतो आणि तो भाव आणखी वेगळा. तेव्हा बातमीत भाव लिहिताना घेतला कुणी, धागा कोणता, ओलावा किती, एवढं तरी यावं. डेस्कवरून, म्हणजे उपसंपादक बसतात तिथून, कुणी समासात 'ओलावा?' एवढा एक शब्द लिहून कॉपी परत पाठवली, तर तो वार्ताहर पुढच्या वेळी बाजार समितीच्या फाटकातच ते विचारून घेईल.

पावसाळ्यात तापीवरच्या हतनूर धरणाचे ४१ पैकी किती दरवाजे उघडले, याच्या बातम्या येतात. विसर्ग कधी क्युसेकमध्ये (सेकंदाला घनफूट) असतो, कधी क्युमेकमध्ये (सेकंदाला घनमीटर). एक क्युमेक म्हणजे सुमारे ३५ क्युसेक. आमच्या वर्गातल्या एकाने प्रेसनोटमधल्या क्युमेकचं सरळ क्युसेक करून टाकलं, कारण तोच शब्द त्याच्या ओळखीचा होता. वहीत होतं म्हणून निभावलं. तापीकाठच्या माणसाने ते छापील वाचलं असतं, तर ३५ पट कमी पाणी येतंय असं समजून तो रात्री मोटर काढायला गेला नसता.

गावांच्या नावांचं तर मला धंद्यामुळेच कळतं. सावखेडा नावाचं गाव एकाच तालुक्यात नाही. बुद्रुक आणि खुर्द यांत पुष्कळदा नदी किंवा ओढा आडवा असतो, आणि तिकीट चुकलं तर माणूस भलत्याच फाट्यावर उतरतो. अपघाताच्या बातमीत मृताचं गाव नुसतं नाव घालून येतं, तालुका नाही, बु. की खु. ते नाही. मग सकाळी गाडीत कुणाची तरी आई फोनवर फोन लावत बसते. नाव, वय, गाव, तालुका, एवढं तरी घरच्यांकडून किंवा सिव्हिल हॉस्पिटलमधून पडताळल्याशिवाय पानावर जाऊ नये.

अपघाताच्या बातमीतला प्रत्येक ट्रक भरधाव असतो. मी रस्त्यावरच असते, पुष्कळदा घटना झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत तिथून जाते. रस्त्याच्या कडेला रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली उभी होती, वळणावरचा खड्डा चुकवताना दुचाकी घसरली, असं तिथे जमलेले लोक सांगत असतात. दुसऱ्या दिवशी पेपरात सगळे भरधाव. वेग कुणी मोजला, पोलिसांनी सांगितला की फिर्यादीत आला, हे नसतं. फिर्याद वाचायला आता पोलीस ठाण्याच्या पायऱ्याही चढाव्या लागत नाहीत. संवेदनशील गुन्हे सोडले तर एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर येतात. आमच्या वर्गात हे कुणी दाखवलं नव्हतं, काकांनी दाखवलं.

संवेदनशील गुन्ह्यांबद्दल मात्र थांबून लिहायला हवं. अल्पवयीन मुलीवरच्या अत्याचाराच्या बातमीत तिचं नाव छापायचं नाही, हे सगळ्यांना माहीत आहे आणि बहुतेक जण पाळतातही. पण मग त्याच बातमीत गाव येतं, मुलगी कितवीत आणि कोणत्या शाळेत ते येतं, बाप सालदार आहे की वीटभट्टीवर आहे तेही येतं. २०१२च्या पोक्सो कायद्याचं कलम २३ नुसतं नाव झाकायला सांगत नाही. पत्ता, फोटो, घरच्यांचा तपशील, शाळा, शेजार, ओळख पटेल असं काहीच नको म्हणतं. दीडशे उंबऱ्यांच्या गावात एवढं लिहिल्यावर नाव लिहायचं काय बाकी राहिलं? अशी बातमी आली त्या सकाळी माझ्या गाडीत दोन थांबे जायच्या आत ती मुलगी कोण ते लोकांनी काढलं होतं. तिकिटं देता देता मी ऐकत होते. लिहिणारा पोरगा वाईट नसेल. त्याला कुणी सांगितलं नसेल की इथे 'जास्त माहिती' म्हणजे गुन्हा. ते सांगणं डेस्कचं काम होतं.

आणि माणसांच्या तोंडचं बोलणं. एका खेड्यात पाण्याचे वांधे होते, तिथली म्हातारी गाडीत चढता चढता म्हणाली, 'पंधरा दिन व्हई ग्यात, नळले पानी नही.' पेपरात त्याच गावच्या महिलांचं म्हणणं आलं, ते असं: 'सदर बाबतीत प्रशासनाने तातडीने दखल घेऊन उपाययोजना करावी, अशी मागणी संतप्त महिलांनी केली आहे.' आमच्याकडची एकही बाई असं बोलत नाही. संतापली तरी नाही. आमची अहिराणी बोली पूर्ण छापा असं म्हणत नाही, खानदेशाबाहेरच्या वाचकाला अडखळायला होईल. पण पंधरा दिवस हा आकडा तिने दिला होता, तो तरी ठेवायचा. 'तातडीने दखल' या शब्दांत तो बुडाला.

यातलं बरंचसं प्रेसनोटमुळे होतं, हे आपणही जाणता. संध्याकाळी तालुक्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मजकूर पडतो आणि सकाळी चार पेपरांत तोच, त्याच शुद्धलेखनाच्या चुकांसकट. आता तर प्रेसनोट मोबाइलमधल्या एआयला देऊन तिची बातमी करून घेतात. ती वाचायला झुळझुळीत होते. पण त्या यंत्राने सभेतली माणसं मोजलेली नसतात आणि रजिस्टर मागायला ते गावी जाणार नाही.

आपली अडचण मला कळत नाही, असं नाही. काकांनी डेस्कचं सांगितलं आहे. रात्री पानं सोडायची घाई, माणसं कमी, त्यातच पहिल्या पानावर जाहिरात वाढली की सगळं उलटपालट. तालुक्यातून आलेली कॉपी सुधारून लावायची की पुन्हा टाइप करून लावायची, एवढाच विचार करायला वेळ असतो. वार्ताहराला फोन करून 'तू हे का लिहिलंस?' म्हणायला वेळ कुठला? आणि वार्ताहरालाही मानधन म्हणून हातावर काय ठेवतात ते बोलण्यासारखं नाही. त्याचं पोट जाहिरातीच्या कमिशनवर. एका कार्यालयात आमच्या वर्गातली मुलगी कात्रणं घेऊन गेली होती. ती बाजूला ठेवून तिला पहिला प्रश्न विचारला गेला, 'दिवाळीला जाहिरात किती आणशील?' ती मुलगी आता बँकेच्या परीक्षा देते.

तरीही मागते. आठवड्यातून एकदा, रविवारी म्हणा किंवा जाहिराती कमी असतील त्या दिवशी, अर्धा कॉलम जागा द्या. एका बाजूला तालुक्यातून आलेली मूळ कॉपी, नावगाव काढून. शेजारी आपण छापली ती. मधल्या जागेत खोडणाऱ्याची कारणं, एकेका ओळीत: हे का काढलं, हे वर का घेतलं, इथे काय विचारायचं राहिलं. कुणाची फजिती करायला नको, म्हणून नाव नकोच. हे आमच्या वर्गातली मुलं कापून वहीत लावतील आणि मला खात्री आहे, आपले जुने वार्ताहरही चोरून वाचतील. वाचकांनाही बरं वाटेल. बातमी कशी होते ते त्यांना कधी दिसतच नाही, म्हणून तर मोबाइलवर आलेलं काहीही त्यांना पेपराइतकंच खरं वाटतं.

आणि दुसरं, जमलं तर. विद्यार्थ्यांनी पाठवलेल्या बातम्यांतल्या महिन्याला निवडक चार-पाच खोडून टपालाने परत पाठवा. छापा अथवा छापू नका. डेस्कवर वेळ नसेल तर काकांसारखे निवृत्त उपसंपादक प्रत्येक तालुक्यात एक-दोन तरी निघतील. ६ जानेवारीला पत्रकार दिनी आपण त्यांना बोलावतो, शाल-श्रीफळ देतो, भाषणात त्यांच्या अनुभवाचा गौरव करतो आणि घरी सोडून येतो. काकांच्या कपाटात अशा शाली इतक्या आहेत की काकू त्या भाचरांना वाटतात. त्यांना वर्षातून एक शाल कमी द्या आणि महिन्याला चार कॉप्या द्या. ते फुकट करतील, मी विचारलं आहे.

अमळनेरला हे अगदीच नवं नाही. साने गुरुजी इथे प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, तेव्हा छात्रालयातल्या मुलांसाठी स्वतःच्या हाताने लिहून दैनिक काढत. पुढे १९३८ साली याच गावातून त्यांनी 'काँग्रेस' साप्ताहिक चालवलं. आम्हाला हे एका मार्काला असतं. हाताने लिहिलेल्या दैनिकात काय खोडलं आणि त्याजागी काय आलं, हे त्या पोरांना उघड दिसत असेल, एवढाच माझा विचार.

सोबत ती ग्रामसभेची बातमी जोडली आहे. काकांनी पाहिली तीच, पण इंट्रो मी माझ्या मनाचा ठेवला आहे, पाण्याचा. काकांचं म्हणणं वेगळं आहे, ते वर लिहिलंच. गावाचं आणि अधिकाऱ्यांचं नाव बातमीत आहे. रजिस्टरच्या पानाचा फोटो आहे. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांशी बोलले तो दिवस आणि वेळ शेवटी लिहिली आहे. ठेकेदाराला दोनदा फोन केला, त्यांनी उचलला नाही, तेही लिहिलं आहे. ठरावांच्या प्रतींसाठी १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज दिला आहे, उत्तराची ३० दिवसांची मुदत अजून संपलेली नाही. तेव्हा छापायचीच असेल तर उत्तर येईपर्यंत थांबावं की थांबू नये, हेही आपणच ठरवा आणि का ते कळवा. समास मोठा सोडला आहे. पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट आत आहे. शाई कोणतीही चालेल.

पत्र छापलंत तर माझं नाव छापू नये, नोकरीचा प्रश्न आहे. एवढं मोठं पत्र आपण कापणार, हे उघडच आहे. काय कापलं ते याच पाकिटात घालून पाठवलंत तरी चालेल.

आपली नम्र,
एक महिला वाहक आणि वृत्तपत्रविद्येची विद्यार्थिनी,
अमळनेर, जि. जळगाव